मिनिटे मोजणाऱ्यांची पदवी

दिवाळी अंक हाती घेताना वाचकाच्या पुढ्यात फराळाचे ताट असते. अशा वेळी अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमावरून भांडण उकरून काढणे म्हणजे चिवड्यात खडा टाकण्यासारखे आहे, हे मला कळते. पण आमच्या कडा गावात दिवाळी दोन वाटांनी येते. काही घरांवर आकाशकंदील चढतो आणि काही घरांना कुलूप लागते. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले, बालाघाटच्या रांगांकडेचे, पावसाला पारखे झालेले हे गाव. दसरा सरला की या भागातून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पिठाचा डबा, कोपीचे बांबू, एखादी शेळी आणि वर पोरेबाळे. मग उन्हाळ्यापर्यंत वस्त्या ओस.

मी या भागात पस्तीस वर्षे गणित शिकवले. गेल्या हंगामात अशाच एका ट्रॉलीशेजारी माझा एक जुना विद्यार्थी उभा दिसला. हुशार पोरगा. आईबापांनी कोयता चालवून त्याला शहरात शिकवले, आणि त्याने औद्योगिक अभियांत्रिकीची पदवी पहिल्या वर्गात मिळवली. तो आईवडिलांना निरोप द्यायला आला होता. मी विचारले, "अरे, तुझ्या शाखेत नेमके शिकवतात तरी काय?" तो उत्साहाने आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाविषयी सांगू लागला. एका कारखान्यात बायका डबे भरून बंद करीत. त्याने घड्याळ लावून त्यांच्या हालचाली टिपल्या. उठताबसताना वेळ जातो, असे त्याच्या ध्यानात आले. त्याने स्टुले काढून टाकण्याची शिफारस केली. डब्यामागे चार सेकंद वाचले. कारखाना खूश, परीक्षक खूश.

"मग त्या बायका दिवसभर उभ्या राहतात?"

"हो सर, पाळीभर."

"आणि त्यांचे पाय?"

तो थोडा थांबला. "पायांचा रकाना तक्त्यात नव्हता, सर."

त्याची आई ट्रॉलीत चढून बसली होती. तिने आमचे बोलणे ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. तिने एवढेच विचारले, "पोरा, पाण्याचा कॅन टाकला का आत?"

वाचकहो, मी त्या मुलाला दोष देत नाही. शिकवले तेवढे त्याने चोख केले. माझे भांडण आहे ते त्याच्या पदवीशी. किंवा नेमके बोलायचे तर त्या पदवीचे उद्दिष्ट आपण ज्या क्षुद्र अर्थाने घेतो, त्या अर्थाशी.

ही शाखा आहे तरी काय? यंत्र अभियंता यंत्र घडवतो, स्थापत्य अभियंता पूल बांधतो. औद्योगिक अभियंता काम घडवतो. माणूस, माल, यंत्र, माहिती आणि ऊर्जा ही एकमेकांशी कशी जोडली की काम नीट होईल, याचा तो विचार करतो. दिवाळीच्या स्वयंपाकघरातच याचे उदाहरण आहे. जिच्या हाताला वळण आहे ती गृहिणी चकल्या करताना पीठ डावीकडे, सोऱ्या मध्ये, कढई उजवीकडे आणि झाऱ्यापलीकडे कागद अंथरलेली परात अशी मांडणी करते. एक घाणा तळून होईतो दुसरा पाडून तयार असतो. जी ही मांडणी करीत नाही ती अर्धा दिवस नुसती उठते आणि बसते. पहिल्या बाईने मांडणीचे, क्रमाचे आणि प्रतीक्षेचे शास्त्र न शिकताच आत्मसात केलेले असते. हेच शास्त्र आकडेवारीने, संभाव्यतेच्या गणिताने आणि खर्चाच्या हिशेबाने पक्के करून महाविद्यालयात शिकवतात. शास्त्र उत्तम आहे. त्याच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे, आणि म्हणूनच त्याची विटंबना मला सोसवत नाही.

या शास्त्राच्या जन्मापासूनच त्यात दोन प्रवृत्ती आहेत. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात लोखंडाच्या लगडी वाहणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला. १९११ सालच्या आपल्या पुस्तकात तो मोठ्या अभिमानाने सांगतो की, ज्या मजुराला तो 'श्मिट' म्हणतो तो आधी दिवसाला साडेबारा टन लोखंड वाही, तो साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटांवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटांवर गेली. गणिताच्या मास्तराला हा हिशेब लगेच दिसतो: काम जवळजवळ चौपट, मजुरी साठ-एकसष्ट टक्क्यांनी अधिक. त्याच साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातील कामगारांनी घड्याळ लावण्याविरुद्ध संप केला, यात नवल ते काय!

दुसरी प्रवृत्ती फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याची. फ्रँकने गवंड्याला पाहिले. गवंडी प्रत्येक विटेसाठी कमरेत वाकत होता. फ्रँकने वर-खाली सरकणारी परांची केली आणि विटा गवंड्याच्या हाताशी आणल्या. एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचांवर आल्या. भिंत लवकर उभी राहिली, आणि गवंड्याची पाठही वाचली. लिलियनबाईंनी १९१५ साली मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९२४ साली पती गेल्यावर त्यांनी मोठा संसार सांभाळून हे काम पुढे चालवले, आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईचे कष्ट कसे कमी होतील याचाही अभ्यास केला. टेलरने माणसाला कामाजोगे केले. गिलब्रेथांनी काम माणसाजोगे केले. माझ्या विद्यार्थ्याने परीक्षेत या दोघांवरही टिपा लिहिल्या असतील. पण कारखान्यात शिरताच त्याच्या हातून स्टूलच निघाले.

आपल्या मराठी मनाला 'कार्यक्षमता' हा शब्द ऐकताच थोडी धास्ती वाटते, तिलाही इतिहास आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली विणकराने दोनांऐवजी तीन माग पाहावेत, असा घाट घातला. दीड लाखाच्या घरात कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले. त्यांना शास्त्र नको होते असे नाही. तिसऱ्या मागाची कमाई कुणाच्या घरी जाणार आणि कामावरून निघणारा सोबती कुठे जाणार, एवढेच ते विचारीत होते. जो अभियंता या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या अहवालात देत नाही, त्याचा अहवाल अपुरा समजावा, असे माझे म्हणणे आहे.

आता पुन्हा त्या ट्रॉलीकडे येऊ. ऊसतोडणीइतकी अभ्यासाला योग्य जागा या शास्त्राला महाराष्ट्रात दुसरी मिळणे कठीण. पहिली गोष्ट मापाची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, आणि मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचे. दोन माणसे राबतात आणि मोजणीत एक उतरते. पहाटे उठून भाकरी करणारी, ऊस तोडणारी, पाचट काढून मोळी बांधणारी, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवणारी बाई कोणत्याही रकान्यात स्वतंत्रपणे येत नाही. मापनाचे एकक चुकले की पुढचे सारे गणित चुकते, हे मी पाचवीच्या मुलांना शिकवीत असे. पदवीच्या मुलांना ते कोण शिकवणार?

दुसरी गोष्ट रांगेची. कारखान्याची गव्हाण रात्रंदिवस एका गतीने ऊस घेते. पण गाड्या मात्र संध्याकाळी घोळक्याने येतात. समजा, तासाला वीस गाड्या रिकाम्या होतात आणि दिवेलागणीला एकशे वीस गाड्या एकदम आल्या, तर शेवटच्या गाडीला सहा तास बैलांसकट थंडीत उभे राहावे लागेल. पहाटे ती परत फडात. या सहा तासांचे दाम कुणी देत नाही, कारण मजुरी टनावर असते, थांबण्यावर नसते. शिवाय तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा घटतो. म्हणजे शेतकऱ्याचे आणि कारखान्याचेही नुकसानच. रांगेचे गणित हा तर या पदवीचा हुकमी विषय आहे. बँकेच्या खिडकीपुढची रांग, विमानतळावरची रांग अशी उदाहरणे पोरे चुटकीसरशी सोडवतात. फडानुसार पाळ्या लावून गाड्यांना तास ठरवून देणे हे त्यांच्या हातचा मळ आहे. पण वर्गात बसून गव्हाण दिसत नाही, आणि गव्हाणीपर्यंत त्यांना कुणी नेत नाही.

तिसरी गोष्ट शरीराची. कामाच्या अभ्यासावरील पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे एक कोष्टक छापले जाते. काम किती वेळात व्हावे हे ठरवताना त्या वेळात विश्रांतीची भर घालावी लागते: वैयक्तिक गरजांसाठी पुरुषाला ५ टक्के, स्त्रीला ७ टक्के, मूळ थकव्यासाठी दोघांनाही ४ टक्के, उभ्याने काम असेल, वजन उचलायचे असेल, अवघडून वाकायचे असेल तर आणखी वेगळी भर. म्हणजे स्त्रीच्या देहाला थोडा अधिक वेळ लागतो, हे शास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. फडातल्या बाईला हे सात टक्के कोण देतो? तिथे आडोसा नाही, पाणी नाही. एक दिवस पडून राहिले तर खाडा लागतो. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागे गरिबी आहे, अज्ञान आहे, उपचारांतल्या लबाडीचेही आरोप झाले. पण ज्या कामात दुखण्यासाठी एक मिनिट मोकळे ठेवलेले नाही, त्या कामाची रचनाही त्यातली एक आरोपी आहे, आणि कामाची रचना हा औद्योगिक अभियंत्याचाच प्रांत आहे.

यावर तीन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत.

पहिला म्हणेल, "मास्तर, हे राजकारण झाले. अभियंत्याने मोजावे, न्याय-अन्याय पुढाऱ्यांनी पाहावा." पण काय मोजायचे हे ठरवतानाच निम्मा न्याय होऊन गेलेला असतो. टन मोजला की थांबणे दिसेनासे होते. कोयता मोजला की बाई दिसेनाशी होते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ ठरली, ही आनंदाचीच गोष्ट. पण ती वाढही टनावरच. रांगेतले तास होते तिथेच राहिले.

दुसरा म्हणेल, "आता ऊसतोडणीची यंत्रे येत आहेत. सरकार अनुदान देते. कोयता जाईल आणि तुमचा प्रश्नही जाईल." यंत्र येवो, मी त्याच्या आड येणार नाही, डोक्यावरची मोळी उतरली तर मला आनंदच आहे. पण यंत्र आल्यावर प्रश्न जात नाही, तो फक्त कड्याला परत येतो. तेव्हा या माणसांनी कोणते काम करायचे, कोणत्या क्रमाने शिकायचे, किती वर्षांत बदल व्हायचा, याची आखणी हाही अभियंत्याचाच धडा आहे.

तिसरा आक्षेप घरातला, मुलाच्या वडिलांचा. "सर, एवढा खर्च केला. पोराला नोकरी लागू द्या, मग माणुसकी शिकवा." या आक्षेपापुढे मी नम्र होतो. ज्याने उचल घेऊन फी भरली त्याला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण एवढेच विचारतो: सेकंद मोजण्याचे काम यंत्र आणि संगणक माणसाहून अचूक करतात. मग मुलाच्या अंगी उरणारे, कुणाला हिरावून न घेता येणारे कौशल्य कोणते? कामाच्या जागी तासन्‌तास उभे राहून पाहण्याचे, कामकऱ्याला त्याच्या भाषेत प्रश्न विचारण्याचे, आणि तो जे बोलत नाही तेही ओळखण्याचे. कोयत्याच्या घरात वाढलेल्या मुलाला हे कौशल्य जन्माने मिळालेले असते. चार वर्षांची पदवी ते वाढवण्याऐवजी विसरायला लावते, हे त्या वडिलांच्या पैशाचेच नुकसान आहे.

कागदावर सारे ठीक आहे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत औद्योगिक अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थेने या शाखेची व्याख्या करताना जी यादी दिली आहे तिच्यात माणसे पहिली आणि ऊर्जा शेवटची. आपला देश २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद आहे. आपले राष्ट्रीय प्रत्यायन मंडळही पदवीधराकडून गणित-विज्ञानाबरोबर समाजाचे भान, नीती, पर्यावरण, संघभावना आणि संवाद यांची अपेक्षा करते. पण महाविद्यालयांत या अपेक्षांची तपासणी होते ती बहुधा रकाने भरून. नीतीला तीन गुण, समाजाला दोन! पायांचा रकाना जसा तक्त्यात नव्हता, तसे या तक्त्यात रकाने आहेत पण पाय नाहीत.

आणि मोठ्या संस्थांचा कल कुठे आहे, तेही पाहावे. १९६३ साली मुंबईत पवईजवळ, विहार तलावाच्या काठी, औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. स्वतंत्र भारताला उत्पादन वाढवायचे होते, आणि त्यासाठी कामाचे शास्त्र हवे होते. २०२३ साली ती संस्था भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई झाली. तिची प्रतिष्ठा वाढली असेल, विद्यार्थ्यांचे पगारही वाढतील, त्यांचे अभिनंदन. पण राष्ट्रीय पातळीच्या पाटीवरून 'औद्योगिक अभियांत्रिकी' हे शब्द पुसले गेले, याचे मला वाईट वाटते. व्यवस्थापक बहुधा कामाकडे वरून पाहतो. कामाशेजारी उभे राहून पाहणारा कुणी तरी हवाच.

कुणी म्हणेल, कड्याच्या माणसाने या शास्त्राची एवढी काळजी का करावी? सांगतो. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला. त्यातला नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला २३ सप्टेंबर २०२२ रोजी. तेव्हा कुठे कड्याच्या स्टेशनावर गाडी थांबली. बीडला गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. एखाद्या मोठ्या कामातली कोणती पायरी अडली की सारे काम अडते, हे शोधण्याची रीत १९५० च्या दशकाअखेरीसच निघाली होती, आणि या पदवीत ती शिकवतात. डबे भरणाऱ्या बाईचे चार सेकंद ज्यांना सोसवत नाहीत, त्यांना आमची सत्तावीस वर्षे कशी सोसवली? गरिबाचा वेळ दुसऱ्याच्या कामाचा असेल तर तो सेकंदात मोजतात. त्याच्या स्वतःच्या कामाचा असेल तर तो पिढ्यांत मोजतात.

नुसती टीका करून उठणे मास्तराला शोभत नाही; म्हणून माझ्या चार सूचना.

एक: या शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक महिना कारखान्याबाहेरच्या कामावर काढावा. उसाचा फड आहे, कड्याच्या बाजार समितीत कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहणारे हमाल आहेत, एस. टी.ची आगारे आहेत, सरकारी दवाखान्यांपुढच्या रांगा आहेत. पहिला आठवडा घड्याळ खिशात ठेवावे आणि ते काम स्वतःच्या हातांनी करून पाहावे.

दोन: प्रत्येक अहवालात वाचलेल्या वेळेची वाटणी लिहावी. किती मालकाला, किती गिऱ्हाइकाला, किती कामकऱ्याला. कामकऱ्याच्या वाट्याला शून्य असेल तर शून्य लिहावे, पण लिहावे.

तीन: शरीराचे शास्त्र ऐच्छिक विषय म्हणून कोपऱ्यात न ठेवता गणिताच्या बरोबरीला आणावे. ज्याला मोळीचे वजन मानेवर, कमरेवर आणि गुडघ्यावर कसे पडते हे सांगता येत नाही, त्याने तोडणीचा वेग सांगू नये.

चार, आणि माझ्या मते सर्वांत मोठी: ज्यांचे काम मोजले त्यांच्यापुढे तो अहवाल मराठीत वाचून दाखवावा. त्यांचे आक्षेप लिहून घ्यावेत, आणि त्यांना दिलेल्या उत्तरांवर निम्मे गुण ठेवावेत. डबे भरणाऱ्या त्या बायकांपुढे हा अहवाल वाचला गेला असता, तर स्टुलाविषयीचा धडा माझ्या विद्यार्थ्याला पाच मिनिटांत मिळाला असता, आणि तोही फीवाचून.

त्या दिवशी ट्रॉली निघाली तेव्हा तो मुलगा बराच वेळ रस्त्याकडे पाहत उभा होता. मग म्हणाला, "सर, आईला गाडीवर रात्री किती वेळ थांबावे लागते, हे मी तिला कधी विचारलेच नाही." मी म्हटले, "मग आता विचार. आणि लिहून ठेव."

महिन्याभराने त्याचा फोन आला. सुट्टी काढून तो आईवडिलांच्या कोपीवर चार दिवस राहून आला होता. शाळेच्या वहीत त्याने रोजची वेळ टिपली होती: गाडी रांगेत लागली केव्हा, रिकामी झाली केव्हा, आई झोपली केव्हा, उठली केव्हा. आकडे त्याने मला वाचून दाखवले. ते मी इथे देत नाही. ते त्याचे आहेत, आणि ते कुठे मांडायचे हे त्याने ठरवावे. मी त्याला एवढेच विचारले की तक्त्यात रकाने किती केलेस.

"सात, सर," तो म्हणाला. "सातवा पायांचा."